अक्षर असूनही क्षर

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला आणि महाराष्ट्रभर त्याचे स्वागत झाले. मराठीच्या प्राचीनत्वाचा विषय निघाला की अभ्यासक ज्या पुराव्यांकडे बोट दाखवतात, त्यांत नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख अग्रभागी असतो. जुन्नरजवळच्या त्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ब्राह्मी लिपीत ती अक्षरे कोरली गेली. मध्यंतरी ब्राह्मी वाचणारा मनुष्य या देशात उरला नव्हता. पुढे १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने त्या लिपीचे कोडे उलगडले आणि मुका झालेला दगड बोलू लागला. लिपी विस्मृतीत गेली तरी दगड जागेवर होता, म्हणूनच हे घडू शकले.

आता याच भाषेच्या प्रवासातील अगदी अलीकडचा टप्पा पाहू. १९९८ साली पुण्यात, ठाण्यात किंवा नागपुरात एखाद्या दिवाळी अंकाची संगणकावर जुळणी झाली. तो अंक छापला गेला, विकला गेला, रद्दीतही गेला. त्याची संगणकीय प्रत मात्र कोणाच्या तरी खणात फ्लॉपीवर किंवा तबकडीवर राहिली. ती प्रत आज किती जणांना उघडता येईल? आणि उघडलीच, तर तिच्यातून मराठी बाहेर येईल काय? अनुभव असा की, बहुधा येत नाही. बाहेर येते ती रोमन अक्षरे, अंक, कंस आणि टिंबे यांची खिचडी. दोन हजार वर्षांपूर्वीचे मराठी मुलखातले लेखन आपण वाचू शकतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे वाचू शकत नाही, ही स्थिती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

इंटरनेट सर्वांपर्यंत पोहोचले पाहिजे, ही घोषणा गेली कित्येक वर्षे आपण ऐकत आहोत. ती चुकीची नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि त्यानंतरच्या दरयुद्धात डेटा इतका स्वस्त झाला की, गावच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातीही कीर्तनाची चित्रफीत आली. परंतु पोहोच म्हणजे काय, याचा हिशेब आपण टॉवर, तारा आणि सिमकार्डे यांच्या संख्येत मांडतो. दार उघडून आत गेलेल्या मराठी माणसाला तिथे वाचण्यासारखे, शोधण्यासारखे काय सापडते, हा हिशेब कोणी मांडत नाही. त्याला व्हिडिओ सापडतो, जाहिरात सापडते. त्याच्याच जिल्ह्याच्या इतिहासावर १९९५ साली एखाद्या निवृत्त शिक्षकाने खपून लिहिलेले पुस्तक मात्र शोधून सापडत नाही. कारण शोधयंत्राच्या दृष्टीने ते पुस्तक मराठीत लिहिलेलेच नसते.

हे कसे घडले, ते थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, क्रमांक ठाऊक असतो. अमुक क्रमांक म्हणजे अमुक अक्षर, असा करार आधी झालेला असतो आणि पडद्यावर उमटणारी आकृती फॉण्ट पुरवतो. इंग्रजीपुरता हा करार फार पूर्वी पक्का झाला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी डीटीपीची दुकाने निघाली तेव्हा पृष्ठजुळणीचे सारे साहित्य, विशेषतः त्या काळचा सर्वांचा लाडका पेजमेकर, इंग्रजीसाठी घडवलेले होते. तेव्हा आपल्या हुशार लोकांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकृत्या बसवून टाकल्या. यंत्राला वाटे आपण इंग्रजी लिहितो आहोत, माणसाला दिसे मराठी. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशी कितीतरी कुटुंबे यातून जन्मली आणि त्यांनी मराठी मुद्रणाची फार मोठी सेवा केली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. शिशाचे खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांतून तालुक्याच्या गावी सुबक पुस्तके निघू लागली, ती याच युक्तीमुळे.

अडचण अशी की, प्रत्येकाची घरे वेगळी. एकाच्या फॉण्टमध्ये ज्या घरात ‘क’ बसला होता, त्याच घरात दुसऱ्याच्या फॉण्टमध्ये अर्धा ‘त्’ असे. पूर्ण ‘प’ हे अक्षरच कित्येकांकडे नव्हते. अर्धा ‘प्’ आणि त्याला जोडलेला काना, अशा दोन तुकड्यांनी तो घडे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी टंकायची आणि रफार अक्षराच्या डोक्यावर शेवटी चढतो म्हणून तो नंतर. उच्चाराचा क्रम आणि साठवणीचा क्रम यांची फारकत झाली. फॉण्ट हाताशी असेपर्यंत हे सारे गुण्यागोविंदाने चालले. फॉण्ट हरवला, आज्ञावली जुनी झाली, संगणकाच्या पाठीमागे लावायचे ते छोटे कुलूप मोडले, की मजकूर मेला.

माझ्या परिचयाच्या एका जुन्या ग्रंथालयाने १९९९ साली शताब्दीची स्मरणिका काढली होती. तालुक्यातील मंदिरे, मेळे, विसरले गेलेले नाटककार यांवर त्यात चांगले लेख होते. काही वर्षांपूर्वी तिची नवी आवृत्ती काढायचे ठरले. जुळणी ज्यांनी केली होती त्यांनी तबकडी जपून ठेवली होती, ती उघडलीही. पडद्यावर मात्र वर सांगितलेली खिचडी. शेवटी छापील प्रतीवरून सगळे पुन्हा टंकावे लागले आणि ग्रंथालयाच्या प्रतीतील जी पाने वाळवीने खाल्ली होती, ती एका सभासदाच्या घरून मिळाली म्हणून काम तडीस गेले. ज्या स्मरणिकांचे असे सभासद नसतात, त्यांचे काय होत असेल?

यावर कोणी म्हणेल की, त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. तसे मात्र नाही. भारतीय लिप्यांसाठी एकच सांकेतिक व्यवस्था असावी, हा विचार आपल्याच देशात आधी झाला होता. कानपूरच्या आयआयटीत त्यावर काम झाले, १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हे मानक प्रसिद्धही केले. ब्राह्मीपासून उपजलेल्या आपल्या सर्व लिप्या एकाच वर्णमालेच्या लेकी आहेत, या सत्यावर ते उभारलेले होते. देवनागरीत लिहिलेला मजकूर त्याच क्रमांकांनी तेलुगू किंवा बंगाली वळणात दाखवता येई. जगाने पुढे स्वीकारलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. म्हणजे विद्या आपली, पाया आपला. बाजारात मात्र त्याला बाजूला सारून जो तो आपापले घर बांधत राहिला. सरकारनेही आपल्या कार्यालयांत आपल्याच मानकाचा आग्रह धरला नाही. ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक, असे केंद्राने अधिकृतपणे ठरवले ते २००९ साली. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली होती. त्यानंतरच्या एक्सपीत ती हवी असेल तर मूळ तबकडी घालून खिडक्यांमागून खिडक्या उघडत एका चौकटीत खूण करावी लागे. किती कार्यालयांत ती खूण कोणी केली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

सरकार आणि व्यापारी थबकले होते, तेव्हा काम चालवले ते हौशी मंडळींनी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनीच सुरू झाला. परदेशांत विखुरलेल्या मराठी तरुणांनी रात्री जागून टंकनाची साधने लिहिली, जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणणारे परिवर्तक तयार केले आणि ते फुकट वाटले. अशांपैकी फार थोड्यांची नावे कुठे नोंदली गेली आहेत. एखाद्या साहित्य संमेलनात त्यांच्यासाठी शाल आणि श्रीफळ निघाले तर बिघडणार नाही.

लिपी आणि यंत्र यांचा प्रश्न हा राष्ट्रीय प्रश्न आहे, हे आपल्या पूर्वसूरींना आजच्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने घडवलेले देवनागरी खिळे हिंदुस्थानभर नावाजले गेले. लोकमान्यांनी राजकारणाच्या धकाधकीत देवनागरी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, यात लक्ष घातले. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीचा पुरस्कार केला आणि ‘अ’ची बाराखडी सुचवली. त्यांचे सगळे उपाय टिकले नाहीत. युनिकोडच्या जमान्यात अक्षरसंख्येचे ते ओझेच उरले नाही. परंतु यंत्र आले म्हणजे लिपीचे काय होणार, याची चिंता यंत्र विकणाऱ्यावर सोपवायची नसते, एवढे त्यांना नक्की कळत होते.

मोडीचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांपुढचे आहे. शतकानुशतके महाराष्ट्राचा कारभार जिच्यात चालला, ती लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून हद्दपार झाली. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात लक्षावधी कागद आहेत आणि ते वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आजोबांच्या वतनाचा कागद नातवाला वाचता येत नाही. जमिनीच्या खटल्यात मोडी वाचकाला शोधत फिरावे लागते. जून २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मोडी विस्मरणात जायला दोन-तीन पिढ्या लागल्या आणि कागद तरी उरले. संगणकातले मराठी एकाच पिढीत, त्याच लेखकाच्या हयातीत हरवते आहे.

युनिकोड आले म्हणजे सगळे झाले, असा समजही बरोबर नाही. मराठीची काही खास दुखणी आहेत आणि ती मराठी माणसानेच सांगितली पाहिजेत. दुसरा कोण सांगणार? ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक आपल्याला कळतो. पहिल्याने गुरूंना वंदन होते, दुसऱ्याने स्वयंपाक्याला. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतही तेच. हा दुसरा, चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही, मराठीचे त्यावाचून भागत नाही. तो संगणकावर दोन निरनिराळ्या पद्धतींनी लिहिता येतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, यंत्राला भिन्न वाटतात. ‘ॲ’चे तसेच. हे अक्षर मराठीसाठी २००८ च्या आवृत्तीत स्वतंत्रपणे दाखल झाले. त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जाई आणि आजही अनेक जण तसेच करतात. परिणाम असा की, एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲ’ शोधताना दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सुटून जाऊ शकतो. एखाद्या शब्दाची एकच जागा असावी आणि त्याच जागी तो सापडावा, ही कोशाची पहिली अट. ती इथे मोडते.

मोबाइलच्या संदेशाचे गणित तर फारच बोलके आहे. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत लिहायला लागलात की मर्यादा ७० वर येते. शिवाय मोजणी आपल्या अक्षरांची नसते. ‘लक्ष्मी’ या शब्दात आपल्याला दोनच अक्षरे दिसतात, ‘ल’ आणि ‘क्ष्मी’. यंत्र मोजते सात. इंग्रजीत एका संदेशात मावणारी सूचना मराठीत द्यायची तर दोन-तीन संदेशांचे पैसे पडतात. बँका आणि कार्यालये आपल्याला इंग्रजीत का खडसावतात, याचे एक कारण या हिशेबात दडलेले आहे. यात कोणी मराठीचा द्वेष केला असे मी म्हणत नाही. मानके ठरली तेव्हा टेबलाभोवती आपण नव्हतो, एवढेच.

नियम केला तर फरक पडतो, हेही पाहावे. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल संचांसाठी भारतीय मानक १६३३३ लागू करण्याचा आदेश काढला. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचावर सर्व अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे, असे त्यात ठरले. कंपन्यांनी मुदतवाढ मागितली, ती मिळालीही, पण अखेर नियम लागू झाला. त्यापूर्वी स्वस्त संचावर मराठी संदेश आला की चौकटींची रांग दिसत असे, हे वाचकांना आठवत असेल. याउलट ज्या गोष्टी ऐच्छिक ठेवल्या त्यांचे काय झाले? देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा पत्ता ऑगस्ट २०१४ मध्ये खुला झाला, त्यात मराठीही होती. आपल्या गावातील किती संस्थांच्या फलकांवर तो दिसतो, हे एकदा बाजारपेठेतून चक्कर मारून पाहावे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, जुना मजकूर सोडवण्याचे आणि नवा मजकूर नीट ठेवण्याचे काम आता ऐच्छिक राहू नये. देशात ग्रंथ वितरणाचा कायदा १९५४ सालापासून आहे. प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि इतर ठरावीक ग्रंथालयांकडे प्रकाशकाने पाठवायची असते. हा कायदा छापील प्रतीचा विचार करून लिहिला गेला. शासकीय अनुदानाने निघणाऱ्या प्रत्येक मराठी पुस्तकाची, अहवालाची, गौरवग्रंथाची युनिकोडमधील शोधण्याजोगी प्रत राज्याने मागून घ्यावी आणि ती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, एवढे करायला नवा कायदाही लागणार नाही. ‘शोधण्याजोगी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पीडीएफ करून टाकले म्हणजे मराठीचे काम झाले, असा एक गोड गैरसमज कार्यालयांत आहे. त्या पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवून पाहा. वेलांट्या एकीकडे, जोडाक्षरे दुसरीकडे, अशी तिची अवस्था अनेकदा होते.

आणि जुन्या फॉण्टचे घरनकाशे? कोणत्या घरात कोणते अक्षर, ही माहिती आता व्यापारी गुपित राहण्याचे कारण उरलेले नाही. ज्यांनी ते फॉण्ट घडवले त्यांतील काही व्यवसाय अजून उभे आहेत, काही बंद पडले. जे आहेत त्यांच्याशी बसून राज्य मराठी विकास संस्थेने किंवा विद्यापीठांनी हे नकाशे मिळवावेत, योग्य तो मोबदला द्यावा आणि ते सर्वांसाठी खुले करावेत. हे काम काही कोटींचे नाही.

काही तरुण मित्र म्हणतात, आता चिंता कशाला? छापील पान यंत्रापुढे धरले की यंत्रच वाचून दाखवते. वाचते खरे आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले वाचते. मात्र त्यासाठी छापील पान उरलेले असावे लागते. शिवाय ज्या मजकुराचा शब्द न् शब्द संगणकात अचूक टंकून ठेवलेला होता, तो आधी कागदावर मरू द्यायचा आणि मग त्याच्या छायाचित्रावरून अंदाजाने पुन्हा उभा करायचा, यात कसले शहाणपण? दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची आजची यंत्रे जो मजकूर महाजालावर वाचता येतो, त्यातून भाषा शिकतात. केंद्राने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’सारख्या प्रकल्पालाही असा मजकूर लागतोच. नव्वदीच्या आणि त्यानंतरच्या दशकातील मराठी वैचारिक गद्य, ग्रामीण कथा, शेतीवरचे लेखन, नाट्यसमीक्षा हे सारे जर खिचडीच्या रूपात कुलूपबंद असेल, तर या यंत्रांना ठाऊक होणारी मराठी कोणती? जाहिरातींच्या अनुवादाची आणि घाईघाईत लिहिलेल्या बातम्यांची. उद्या आपली नातवंडे त्या यंत्राला प्रश्न विचारतील आणि तीच मराठी प्रमाण मानतील.

मुले रोमन लिपीत मराठी लिहितात म्हणून त्यांच्यावर आगपाखड करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ पासून उपलब्ध आहे. स्वर एका हाताला, व्यंजने दुसऱ्या हाताला, वर्गांच्या क्रमाने मांडलेली. बाराखडी येणाऱ्याला आठवडाभरात जमावा असा. तो किती शाळांनी मुलांना शिकवला? संगणकाच्या तासाला चित्रे रंगवायला शिकवली आणि वर लिपिद्रोहाचा ठपका मुलांवर ठेवला.

सरकारने काय करावे, हे सांगणे सोपे असते. आपल्या संस्थांच्या कपाटांचे काय? ग्रंथालये, व्याख्यानमाला, गणेशोत्सव मंडळे, ज्ञातिसंस्था, देवस्थाने, छोटी नियतकालिके यांनी तीस वर्षांत काढलेल्या स्मरणिका आणि विशेषांक यांतच त्या त्या गावाचा लिखित इतिहास आहे. मोठ्या प्रकाशकांचे साहित्य कसेबसे टिकेल. हे टिकणार नाही, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. फ्लॉपीवरील चुंबकीय लेपाला आमच्या कोकणातील हवा मुळीच मानवत नाही, तबकड्यांवर बुरशी धरते. तारेने जोडायचे फ्लॉपी वाचणारे यंत्र जुन्या बाजारात अजून मिळते, परिवर्तक फुकट मिळतात आणि १९९५ च्या सुमारास जुळणी करणारे बहुतेक कारागीर अद्याप आपल्यात आहेत. कोणता फॉण्ट वापरला होता, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांना गाठून खण उघडायचे, ते या पावसाळ्याच्या आत उघडलेले बरे.